बोटावरचा आकडा

भाची : मामा, बोट काढा त्या मशीनमधून. दंडाला बीपीचा पट्टा बांधायचाय.

मामा : आता कशाला? एकशे अठ्ठावीस आलं ना? लिही कागदावर नि सोड मला. क्रेन रिकामी उभी आहे, खाली ट्रक खोळंबलेत.

भाची : हात खांद्याच्या वर धरून बसला होतात.

मामा : सवय आहे माझी.

भाची : सकाळपासून नऊ जणांना हीच सवय लागलीय. कोणी शिकवली?

मामा : शिकवायचं काय त्यात? हात वर धरला की आकडा उतरतो, सगळ्या गोदीला ठाऊक आहे.

भाची : मग आता मांडीवर ठेवा. हं... बघा. एकशे अठ्ठावन्न. तोच माणूस, तेच बोट. यातला खरा कुठला?

मामा : पहिला.

भाची : का?

मामा : तो मला परवडतो.

भाची : मला नाही परवडत. बोटंही किती गार पडलीत तुमची. गार बोटात रक्त नीट फिरत नाही, मशीन मग वाट्टेल ते सांगतं. पाठ टेका, पाय जमिनीवर. आता पाच मिनिटं बोलायचं नाही.

मामा : पाच मिनिटं? तुझ्या मामीला तीस वर्षांत जमलं नाही ते.

(पाच मिनिटं जातात. पट्ट्यातली हवा हळूहळू सुटते. ती पुन्हा एकदा भरून घेते.)

मामा : किती?

भाची : एकशे चौऱ्याऐंशी. दोन्ही वेळा.

साहेब : (दारातून डोकावत) सिस्टर, झाली का तपासणीची यादी? दुपारपर्यंत ऐंशी जण उरकायचेत.

भाची : नाही होणार, साहेब. सकाळच्या नऊ जणांनाही परत बोलवावं लागेल.

साहेब : अहो, त्यासाठीच तर ते बोटाचं मशीन आणलं. अर्ध्या मिनिटात माणूस मोकळा! थोडं इकडेतिकडे चालायचंच.

भाची : छप्पन्नचा फरक इकडेतिकडे नसतो. बोटावरच्या आकड्याखाली मी सही करणार नाही. मामांच्या कागदावर लिहिलंय, आज क्रेनवर नको.

साहेब : सिस्टर, तुम्हाला इथं घ्या म्हणून यांनीच माझ्याकडे शब्द टाकला होता. विसरलात?

भाची : नाही विसरले.

साहेब : तुम्हीच सांगा हो हिला. धडधाकट आहात ना?

मामा : नाही, साहेब.

साहेब : काय झालं?

मामा : परवा केबिनमधून खाली बघितलं, तर एकाच्या जागी दोन ट्रक दिसले. कंटेनर तसाच लटकवून ठेवला मी. डोकं ठणकत होतं. खाली माणसं उभी होती, साहेब.

भाची : मामा! मला बोलला नाहीत?

मामा : तू खाली उतरवलं असतंस.

साहेब : ...बदली माणूस पाठवतो. यादी उद्या द्या, सिस्टर. पट्ट्यानंच घ्या सगळ्यांचं.

भाची : रागावलात, मामा?

मामा : रागावलोय. डॉक्टरांकडे न्यायची चिठ्ठी दे.

भाची : ही घ्या. गोळ्या सुरू होतील, आकडा उतरला की पुन्हा वर जाल.

मामा : वर म्हणजे क्रेनवरच ना?

भाची : मामा, पुरे! मी येते तुमच्याबरोबर.

मामा : तू बस. बाहेर रांग लागलीय. आणि मामीला फोन करू नकोस.

भाची : लपवणार तिच्यापासून?

मामा : नाही. मी सांगेन.

भाची : कधी?

मामा : डॉक्टरकडे जाताना. तिलाच घेऊन जातो.