काल्याच्या दिवशी घरचा सामना

सातपूरच्या बसथांब्यावर कीर्तनाला निघालेल्या लंकाबाईंच्या शेजारी फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी सोमनाथराव आणि कप्तान मनोज येऊन बसले.

"काका, रविवारी आपल्याच मैदानावर लीगचा सामना, आणि तुम्ही मैदान सप्ताहाला दिलंत?"

"मला वाटलं, तुम्ही कोल्हापूरला जाणार."

"ते मागच्या रविवारी. हा सामना बुडाला तर देशाच्या तिसऱ्या श्रेणीतूनही बाहेर पडू आपण."

"चिडू नको. सामना साडेतीनला. काल्याचं कीर्तन बाराला संपेल."

"महाराज कधी वेळेत संपवतात?"

"रंगात आले की नाही थांबत."

"मग सांगा त्यांना."

"मी कसं सांगू? मीच टाळ घेऊन मागे उभा असतो."

कीर्तन आवरतं घ्यायचं म्हणजे लंकाबाईंच्या जिवावर आलं. तरी त्यांना राहवलं नाही.

"महाराज माझा भाचा हाय. बाराला थांबवते मी त्याला. पण मंडपवाला संध्याकाळशिवाय फिरकत नाय."

"मग बांबू कोण उपसणार, मावशी?"

"तुम्ही अकरा जण हायेत की."

मनोजनं कपाळाला हात लावला. "आणि सामना?"

"खेळा ना. पण आधी पंगतीला बसा. काल्याचा प्रसाद टाकून कुणी जात नाय."