बांधावरचं गवत

उताराचं नाव निघालं की मले वानखेडेकाका आठवतात. नव्या रायपुरात तलावाच्या बांधावर मी छोट्या ट्रॅक्टरनं गवत कापायचो, काका आमचे मुकादम. एकदा मी उतारावर आडवा चालवून राहिलो होतो, अन् वरच्या बाजूचं चाक उचललं. मी उडी मारणार, तोच खाली उभे असलेले काका शांतपणे म्हणाले,

"उडी मारू नको. सीटचा पट्टा बांधला ना?"

"हव, काका."

"मग स्टिअरिंग हळूच उताराकडं वळव."

मी वळवलं. चाक टेकलं. ट्रॅक्टर सरळ खाली उतरून काकांपासून हातभरावर थांबला.

मी विचारलं, "काका, तुम्ही बाजूला काहून नाही झाले?"

ते म्हणाले, "पायच उचलून नव्हते राहिले रे."