हाळी देणाऱ्याला बोल नाही

मंडळी, मागं उभे आहात त्यांनी पुढं या. सतरंजी मोकळी आहे, आणि माझा आवाज काही लाजरा नाही, पण माणसं जवळ असली की गोष्ट जवळ येते. टाळकरी, जरा हात थांबवा. मृदंग मांडीवर राहू द्या. नामाकडं वळण्याआधी एक प्रश्न विचारतो.

सांगा — घराचा खरा राखणदार कोण? ज्याच्या हातून चूक कधी होतच नाही, तो? की चूक झाली त्या घटकेला जो गळा काढून ओरडतो, तो?

"पहिला!" कोण म्हणालं? तुम्ही, मास्तर? छान! उत्तर बरोबर. पण मला असा एक तरी राखणदार दाखवा! अहो, वैकुंठाच्या दारावर जय-विजय उभे. राखण कुणाची, तर साक्षात नारायणाची! आणि तेसुद्धा चुकले. ज्यांना आत सोडायचं त्या मुनींनाच अडवून बसले! देवाच्या दारात चूक होते, तर तुमच्या-माझ्या दारात—

कुणाचा फोन वाजतोय हो? घ्या, घ्या! बँकेतून असेल! खातं बंद पडतंय म्हणत असेल!

हसलात ना? हसा. आजचं आख्यान त्या फोनचंच आहे. पुराणातलं नाही, पण पुराणातल्या माणसांना ऐकवावं असं आहे. ऐका!

माणदेशातले मेंढपाळ. पावसाळा सरला की ते कळप घेऊन भीमेच्या अंगाला उतरतात. ज्वारी निघालेल्या रानात मेंढ्या बसवतात. रानाला खत, मेंढ्यांना चारा, मेंढपाळाला चार पैसे. अशाच एका रानात पाच घरांचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे सागवानी खांबांचा नव्हे हं! ह्या वाड्याला भिंत नाही आणि छप्पर आभाळाचं. कळपाभोवती वाघर लावायची — वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण — की झाला वाडा.

वाड्याचे कारभारी धुळाबा मदने. मिशा पांढऱ्या, पण काठी अजून खांद्यावर, टेकायला नाही. त्यांची थोरली सून झुंबर. दहावीपर्यंत शिकलेली, बोलायला गोड, हिशेबाला पक्की. गळ्यात एक कापडी पिशवी, आणि पिशवीत अख्ख्या वाड्याचा फोन!

हो, वाड्याचा! पाचही घरांच्या कोकरांचे पैसे तिच्या खात्यावर यायचे. पूर्वी रोकड कमरेला बांधून रान-रान हिंडायचं. वाटेत कुणी लुटलं, तर वर्ष गेलं. झुंबर म्हणाली, "मामा, पैका बँकेत ऱ्हाऊ द्या. फोनवरनं देऊ-घेऊ." आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते आणि सासूला आत्या, तशीच ती म्हणायची. धुळाबा "बरं" म्हणाले. पण धाकटा दीर भागूजी! त्याचं तोंड वाकडं. "वहिनी, पैका डोळ्याला दिसाय पायजे. त्या डबीत शिरला की भूत झाला!"

"भावजी, तुमची तंबाखूची पुडी कालच त्या भुतानं आणली की!"

सगळा वाडा हसला. भागूजी गप्प. पण माणूस गप्प झाला म्हणजे विसरला असं नसतं, मंडळी. घरोघरी पाहा!

आता ह्या वाड्याचे दोन रिवाज सांगतो. दोन्ही नीट ऐका. पहिल्यानं गोष्ट बिघडली, दुसऱ्यानं सावरली.

पहिला रिवाज इसाराचा. जनावराचा सौदा ठरला की गिऱ्हाईक आधी इसार, म्हणजे थोडी आगाऊ रक्कम, देतं. आणि हे लोक त्या इसारातला एक रुपया गिऱ्हाइकाला परत करतात. का? तर घेणाऱ्यालाही बरकत यावी! नुसतं घेऊ नये, घेतानाही थोडं द्यावं. केवढं मोठं मन! शिकून आलं असतं असं मन?

दुसरा रिवाज राखणीचा. रात्री पाळीपाळीनं जागायचं. समजा राखणदाराचा डोळा लागला आणि वाघर तोडून लांडगा आत शिरला. जाग येताच त्यानं काय करायचं? हाळी द्यायची! "लांडगाऽऽ!" म्हणून रान उठवायचं. आणि त्या माणसाला पुढं कुणी विचारायचं नाही, "तू झोपलास का?" टोमणा नाही, दंड नाही, बायकांच्या घोळक्यातही नाव नाही. हाळी देणाऱ्याला बोल नाही!

का बरं? पूर्वजांनी विचार करून ठेवलाय, मंडळी. एकदा बोल लावलात, तर पुढच्या खेपेला तो ओरडणार नाही. म्हणेल, "नेलं एखादं कोकरू, सकाळी बघू." आणि लांडगा एकावर थांबतो का? गुपचूप बसलेल्या राखणदाराचा तो सोयरा असतो!

तर झालं असं. कोकरं विकायला आली होती. झुंबरनं त्यांचे फोटो काढले आणि फोनवरच्या बाजाराच्या गटात टाकले, खाली आपला नंबर. दुपारची वेळ. पुरुष माणसं ओढ्याकडं मेंढ्या पाजायला. सासू ठकूबाई चुलीपाशी. झुंबर एका अशक्त कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. फोन वाजला.

"ताई, कोकरं बघितली. लय गोजिरी! सगळीच घेतो."

भाव झाला. घासाघीस फारशी नाही. इथंच कान टवकारायला हवे होते! जनावराच्या बाजारात घासाघीस न करणारं गिऱ्हाईक? म्हणजे हनुमंताच्या देवळात बसून रामाचं नाव न घेणारा भक्त! पण झुंबरला वाटलं, शहरातला असेल, त्याला काय कळतंय.

"ताई, इसार धाडतो. तुमच्यात इसाराला काय रिवाज आहे?"

बघा हं! विचारतोय कसा! लांडगा वाघरीचं भोक स्वतः शोधतो. हा तर मालकालाच विचारतोय, "वाघर कुठं उसवलीय, ताई?"

आणि झुंबर? भल्या मनाची पोर! कौतुकानं सांगितलं. "आमच्यात एक रुपया माघारी देत्यात, दादा. बरकतीसाठी."

"वा वा! थोर रिवाज! मग असं करू. इसार धाडला बघा. आता एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र येईल. त्यावर दाबा, पिन टाका, माझा रुपया मला येईल."

इसार खरंच आला. शंभर रुपये! झुंबरनं चित्रावर दाबलं, पिन टाकला, रुपया गेला. रिवाज पुरा झाला. मन निर्धास्त झालं.

"आता उरलेली पुरी रक्कम धाडतो. टेम्पो निघालाय, ताई, घाई करा. तसंच चित्र येईल. तसाच पिन टाका."

मंडळी, इथं थांबा. पैसे द्यायचे तर पिन. घ्यायचे तर? काही नाही! आपल्या पदरात कुणी धान्य ओतत असेल, तर आपण कणगीचं कुलूप काढतो का? पदर पसरायचा, बास! झुंबरला हे माहीत होतं. बँकेच्या बाईंनी शिकवलं होतं. पण हातात कोकरू, कानात घाई, आणि आत्ताच एकदा पिन टाकून सगळं बरं झालेलं. बोटं आपोआप चालली.

फोन थरथरला. तिनं वाचलं. आले नव्हते. गेले होते! पाच घरांच्या वर्षाच्या कमाईतली जवळजवळ अर्धी, एका टिचकीत!

"अहो, दादा! हे तर माझंच गेलं!"

"चुकून झालं, ताई! घाबरू नका. उलटं फिरवतो. आणखी एक चित्र धाडलंय, पिन टाका, सगळं परत. आणि हे बघा — घरात कुणाला बोलू नका. उगीच राडा होईल, मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

काय म्हणाला? कुणाला बोलू नका! बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, हे वाक्य विसरू नका. सज्जन माणूस तुम्हाला तुमच्याच घरापासून लपवत नाही.

झुंबरनं फोन कानावरून काढला. कोकरू मांडीवर बाटली ओढतंय. समोर पिन टाकायची जागा लखलखतेय. आता तिच्या मनात काय चाललं असेल? मी सांगतो. भागूजीचं तोंड दिसलं! "भूत झाला की न्हाई पैका?" सासरा दिसला. चार घरच्या जावा दिसल्या. माहेरची अब्रू दिसली. एक मन म्हणालं, टाक अजून एकदा पिन, येतील परत, कुणाला कळणार नाही. दुसरं मन म्हणालं, निदान दिवस मावळेपर्यंत तरी गप्प बस.

आणि मग, मंडळी, त्या पोरीनं जे केलं त्याला मी हात जोडतो. तिनं कोकरू खाली ठेवलं. रानाच्या मधोमध उभी राहिली. आणि बेंबीच्या देठापासून—

"लांडगाऽऽ! लांडगा आलाऽऽ! धावाऽऽ!"

भर दुपारी! कुत्री भुंकत सुटली. ठकूबाई फुंकणी घेऊनच उठली. ओढ्याकडून धुळाबा, भागूजी, सगळे काठ्या परजत आले. मेंढ्या सैरावैरा.

"कुठाय? कुठाय लांडगा?"

झुंबरनं फोन वर धरला. "ह्यात हाय, मामा. म्या वाघर उघडली. अर्धा पैका नेला. अजून आतच हाय, उरलेला मागतोय!"

आणि भागूजीला तर बारा महिने राखून ठेवलेलं वाक्य सापडलं. "मी म्हनत नव्हतो? शिकल्याली वहिनी! डबीत पैका—"

धुळाबांची काठी त्याच्यापुढं आडवी झाली.

"भाग्या! हाळी देणाऱ्याला बोल न्हाई."

"पर, आबा—"

"लांडगा आत हाय, आन् तू राखनदाराला हानतुयास? आधी कळप! पोरी, सांग. आता काय करायचं?"

बघा मंडळी! वर्षाची अर्धी कमाई गेलीय, आणि म्हातारा काय विचारतो? कसं झालं नाही, का केलंस नाही. आता काय करायचं! त्या एका प्रश्नानं झुंबर भानावर आली. आणि शिकलेलं सगळं आठवलं! त्या हरामखोराचा फोन तिनं तोडला. एकोणीसशे तीसला लावला — असल्या चोरीची तक्रार घेणारा सरकारी नंबर आहे तो, एक-नऊ-तीन-शून्य, पाठ करून ठेवा. मग बँकेला सांगून खातं गोठवलं. रडत नाही, भेकत नाही, विचारलेलं एकेक सांगतेय. ठकूबाई शेजारी बसून पाठीवर हात फिरवतेय. आणि भागूजी? मोटारसायकल काढून उभा! "वहिनी, बसा. बँकेत सोता जाऊ. कागद द्यायला लागंल." राग असला तरी माणूस घरचा होता.

मग? पैसे सगळे परत आले? नाही हो. मी आख्यान सांगतोय, लबाडी नाही. तक्रार वेळेवर गेली म्हणून बराचसा पैसा वाटेतच, चोराच्या खात्यात अडकला आणि पुढं खेटे घातल्यावर परत मिळाला. काही गेला तो गेलाच. लांडग्यानं एक कोकरू नेलं. कळप वाचला!

बँकेतून आल्यावर वाडा बसला. झुंबरनं गळ्यातली पिशवी काढली आणि धुळाबांपुढं ठेवली. "मामा, दुसऱ्या कुनाला द्या. माझ्यानं राखवली न्हाई."

धुळाबांनी पिशवी उचलली, उलटसुलट केली. "पोरी, आपन सगळी जितराबं चरायला सोडतो का गं येकदम?"

"न्हाई. थोडी चरत्यात. कोकरं वाघरीतच असत्यात."

"मग समदा पैका ह्या डबीत चरत का व्हता?"

आहा! शाळा नाही, बुक नाही, पण कसा नेमका प्रश्न! झुंबरनंच मग तोड काढली. मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात, ज्याला फोन जोडलेलाच नाही. काढायची तर दोघांनी बँकेत जाऊन सह्या करायच्या. फोनच्या खात्यात रोजच्यापुरतं. आणि इसाराचा रुपया? तो बंद नाही करायचा! गिऱ्हाईक समोर येईल तेव्हा त्याच्या तळहातावर ठेवायचा. मन मोठंच ठेवायचं, मंडळी, फक्त दार बघून उघडायचं!

"दुसरी सही कुनाची?" ठकूबाईनं विचारलं.

झुंबर म्हणाली, "भावजींची. त्यास्नी भुताचं भ्या हाय. घाई करायचे न्हाईत!"

वाडा हसला. भागूजीही हसला. आणि धुळाबांनी ती पिशवी उचलून पुन्हा झुंबरच्याच हातात दिली.

"जिनं लांडगा जवळनं बघितला," म्हातारा म्हणाला, "तिच्याइतकी जागी दुसरी कोन ऱ्हाणार?"

आता, मंडळी, तो रानातला वाडा सोडा. तुमच्या वाड्यात या. तुमच्या घरी काय रिवाज आहे? सुनेच्या हातून पैसे गेले, तर ती कुणाला सांगेल? म्हाताऱ्या बापानं भुलून पिन सांगितला, तर मुलगा काय म्हणेल? "तुम्हाला कुणी सांगितलं होतं नसत्या उठाठेवी करायला!" हेच ना? मग बाप पुढच्या वेळी गप्प बसेल. आणि लांडग्याला आणखी काय हवंय?

ह्या मांडवातही कुणाकडं तो येऊन गेला असेल. मान खाली घालू नका, मी कुणाकडं बघत नाही. पण आज घरी गेलात की हाळी द्या. आणि ज्यांच्या कानावर ती पडेल, त्यांनी काठी लांडग्यावर उगारा. घरच्या माणसाला फक्त एवढं विचारा — "आता काय करायचं?"

अहो, आपण रोज ह्या दारात काय करतो? चुकतो, आणि येऊन हाक मारतो. त्यानं कधी विचारलंय, "झोपला होतास का?" कमरेवर हात ठेवून ऐकत उभा आहे, युगानुयुगं! त्याच्या घरात हाळी देणाऱ्याला बोल नाही. मग आपल्या घरात का असावा?

उचला टाळ. मृदंग लावा. आणि लाजत नको, पुटपुटत नको — झुंबरनं दिली तशी, रान उठेल अशी हाक द्या. विठ्ठलाऽऽ!