कारण माझ्या घरी जेवायला बसतं

...नाही, नाही, देवाला कशाला मधे आणता? रोममध्ये ते उत्तरेकडचे गॉथ टोळीवाले घुसले ही बातमी आल्यापासून या स्नानगृहाच्या पायऱ्यांवर जो तो कारण सांगतोय. धर्मगुरू म्हणतात, "लेकरांनो, तुमची पापं!" न्हावी म्हणतो, "जुने देव सोडलेत ना? आता भोगा!" शाळामास्तर घसा खाकरून म्हणतो, "याची कारणं अनेक आहेत..." अनेक कसली डोंबलाची! तुम्हाला सांगतो, मी शाळा पाहिलेली नाही, डॅन्यूब नदीच्या काठावर भाला धरायला शिकलो तेवढंच, पण रोम का बुडालं ते मला माहीत आहे. कारण माझ्या घरी आहे. रोज माझ्यासमोर जेवायला बसतं. डाव्या हाताने.

हसू नका.

माझा मुलगा तो. नाव काय ठेवलं? लुपुस. लांडगा! आजोबा शिपाई, बाप शिपाई, मी शिपाई, आणि शिपायाचा मुलगा शिपाई हा कायदाच आहे, त्यात विचारायचं काय? मिलानहून भरतीचा अंमलदार येणार म्हणून मी पहाटेच दाढी केली, जुना पट्टा घासून चकचकीत केला, दारात ताठ उभा राहिलो, आणि बघतो तर पोरगा गोठ्यातून येतोय, हाताला फडकं, फडक्याला रक्त. "बाबा... द्राक्षाची वेल छाटताना अंगठा गेला." भर उन्हाळ्यात वेल कोण छाटतं हो? आणि छाटली कशाने? तर भिंतीवरच्या आजोबांच्या तलवारीने! आयुष्यभर तिला धार लावली, तेल पाजलं, शत्रूची वाट बघितली... आणि शेवटी तिला रक्त लागलं ते घरचंच.

अंगठा नाही म्हणजे भाला धरता येत नाही, भाला नाही म्हणजे भरती नाही. इटलीतली किती पोरं हे करतात, मला काय ठाऊक नव्हतं? अहो, शेजारच्या क्रेस्केन्सच्या पोराने केलं तेव्हा याच पायऱ्यांवर उभा राहून मी बोंबललो होतो, "क्रेस्केन्सच्या घरी अर्धा माणूस जन्मला!" तुम्ही सगळे होतात की इथे. आता खाली काय बघताय?

बायको काय म्हणाली? "बरं झालं. द्राक्षं तोडायला चार बोटं पुरतात." बरं झालं म्हणे!

अंमलदाराने हात बघितला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने जांभई दिली. "म्हातारबा, अंगठा नसलेला आणखी एक आणा. दोघं मिळून एक शिपाई धरतो. तसा कायदाच आहे आता." म्हणजे आता मी कुणाच्या दारात जायचं? क्रेस्केन्सच्या! तो उंबऱ्यावर कांदे सोलत बसलेला. "या, या, सुभेदार! अर्धा माणूस उसना हवाय ना? आहे आमच्याकडे. धुऊन देऊ, की तसाच नेता?"

तसाच नेला. दोघांच्या हातात मिळून एक भाला. अंमलदार ओरडला, "उजवीकडे वळ!" माझा वळला उजवीकडे, क्रेस्केन्सचा डावीकडे, भाला मधल्या मधे फिरला आणि अंमलदाराच्या तंबूची दोरी तुटून अख्खा तंबू त्याच्याच डोक्यावर! आतून आवाज आला, "घरी न्या ही जोडी! यांच्या जागी मी गॉथ घेतो. त्याला खायला तुम्ही घाला."

झालं. रोमचा शिपाई म्हणून गॉथ आला आमच्या घरी. गुडिला त्याचं नाव. हा एवढा माणूस, दोन्ही अंगठे शाबूत. आणि तुम्हाला सांगतो, मी आत आलो की उठून उभा राहायचा! "बाबा, त्या लढाईत पुढे काय झालं?" असं विचारायचा. माझ्या घरात मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. हा विचारतोय, मी सांगतोय, आणि रोम बुडण्याचं कारण कोपऱ्यात बसून डाव्या हाताने डाळ खातंय.

मग ते झालं. या गॉथ शिपायांची बायकापोरं शहरांत ओलीस ठेवली होती ना... आपल्याच शिपायांनी कापली. अंगठे असलेल्यांनी. गुडिलाची बायको होती त्यात. लेकही.

गावात कुणी त्याच्या वाऱ्याला उभं राहिलं नाही. मीही नाही. मी अंगणात पट्टा घासत बसलो. घासलेलाच पट्टा. माझा लांडगा मात्र जाऊन त्याच्या शेजारी बसला. दिवसभर नुसता बसला.

दुसऱ्या दिवशी गुडिला गेला. त्याच्याच लोकांकडे, दुसरं कुठे जाणार? बघतो तर भिंत रिकामी. "लुपुस, तलवार कुठे आहे?"

"मी दिली त्याला."

"माझ्या आजोबांची तलवार?"

"बाबा, आपल्याकडे धरणार कोण ती?"

मी कमरेचा पट्टा काढला आणि त्या रिकाम्या खिळ्याला टांगला.

आणि परवा ही बातमी. आजोबांनी रोम पाहिलं नाही, बापाने नाही, मी नाही. आयुष्य गेलं त्या शहरासाठी, आणि आमच्या घरातून तिथवर पोचली ती फक्त तलवार. बाहेरच्या बाजूने.

तेव्हा मास्तर, तुमची अनेक कारणं तुम्हीच ठेवा. माझं मला पुरे आहे. चला, उठतो. कारण घरी भुकेलं असेल... अंगठ्याशिवाय शिळी भाकरी मोडत नाही हो त्याला. मलाच मोडून द्यावी लागते.