त्या हिवाळ्यात नळ कोणी बंद केला

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मुख्य अभियंता साहेब, मला आत्ताच हरभऱ्याच्या झाडावर चढवून खाली बसलेले वक्ते, पाणीपुरवठा विभागातले माझे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बंधुभगिनींनो,

चौतीस वर्षांत माझ्या सात बदल्या झाल्या. गावं धूसर झाली, हिवाळे मात्र लख्ख आठवतात. लहानपणी थंडीत आईच्या शिलाई मशीनचं तेल थिजायचं. ती बाटली काखेत धरून बसायची आणि म्हणायची, "थांब, तेल अजून उठलं नाही." पहिली नोकरी बंदराच्या गावी. तिथला हिवाळा म्हणजे येतो-येतो म्हणून न येणारा पाहुणा! माझा एकुलता एक स्वेटर तिथे वापरला तो फक्त कसरीच्या किड्यांनी. हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

कारण मग आलं डोंगरातलं गाव. मघाशी मुख्य अभियंता साहेब म्हणाले, त्या गावाला मी बर्फातून पाणी काढून दिलं. तेवढं आज दुरुस्त करायचं आहे.

तिथे आमचे एक व्हॉल्व्हमन होते. लोखंडी गज पाइपावर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं, की पाणी कुठे अडलंय ते सांगायचे. सगळे त्यांना 'कानसेन' म्हणत. पाइपाच्या शेवटाला, इस्पितळापाशी, एक नळ होता. थंडीत तो ते रात्रभर बारीक धारेने वाहता ठेवत. मला रुजू होऊन दीड महिना झाला होता. मी म्हटलं, "ही नासाडी बंद करा."

"साहेब, वाहतं पाणी गोठत नाही."

"मी सांगतोय ना? बंद करा!"

त्यांनी बंद केला.

सकाळी उठलो तर खिडकीच्या काचेवर आतून बर्फ. इस्पितळातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "नळ कोरडे आहेत. टाकीत दुपारपर्यंतचं पाणी आहे. दोन बाळंतिणी आहेत, एकीचं ऑपरेशन करावं लागेल. काय करू, सांगा."

मी कानसेनांचं घर गाठलं. कानसेन गज घेऊन निघाले. ओढ्यावरच्या पुलाशी थांबले, कान लावला. "इथे. तीस पावलं बर्फ आहे." जाळ लावला तर बिडाचा पाइप तडकेल. गोणपाट गुंडाळून वर कोमट पाणी ओतत राहायचं, एवढाच उपाय. पण पाणी होतं कुणाकडे? गावाचे सगळेच नळ गोठलेले, ओढाही; आणि बर्फ वितळवत बसायला वेळ नव्हता.

पहिल्यांदा इस्त्रीवाल्या बाई आल्या. हातात वाफाळती बादली. मी विचारलं, "घरात किती उरलंय?"

"तांब्याभर. ओता हो, बघत काय बसलात!"

आणि मग, मंडळी, मी जे पाहिलं ते आजही मला पुरतं सांगता येत नाही. उतारावरून माणसं येत होती. किटल्या, पातेली, बाळाच्या अंघोळीची घंगाळं. ज्याच्या घरात जे शेवटचं पाणी होतं, ते तापवून घेऊन. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. नुसता पावलांखाली बर्फ करकरण्याचा आवाज. पुलावर वाफेचा ढग धरला, त्यात ऊन शिरलं आणि समोरचा माणूस दिसेना, फक्त पुढे केलेलं भांडं दिसे. असं कुठे घडतं? माझ्या देखत घडलं. मी टोपी काढून उभा होतो.

तीन तास गेले. कानसेनांनी पुन्हा गज लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "निघालं."

दुपारी इस्पितळात मुलगी झाली. आई सुखरूप.

पुढच्या आठवड्यात चौकशी आली. वरून आलेल्या साहेबांनी विचारलं, "नळ कोणी बंद केला?" मी तोंड उघडायच्या आत कानसेन म्हणाले, "हात माझेच होते." खोटं नव्हतं ते. मेमो त्यांना मिळाला, सेवापुस्तकात नोंद झाली, पगारवाढ रोखली गेली. मी गप्प बसलो. मला शाबासकीचं पत्र आलं.

नंतर एकदा त्यांना विचारलं, "का केलंत?" म्हणाले, "माझी नोकरी संपत आली. तुमची सुरू होतेय. त्या दिवशी पुलावर तुमचं तोंड पाहिलं होतं मी. पुढे ऐकाल."

ऐकत आलो. पण बोललो नाही. ते गेले, तेव्हाही नाही.

तिसऱ्या रांगेत त्यांच्या कन्या बसल्या आहेत; मी पत्र लिहून बोलावलं म्हणून आल्या. ताई, तुमच्या वडिलांची काहीही चूक नव्हती. हुकूम माझा होता. आज सकाळी तसं लेखी निवेदन मी अध्यक्षमहोदयांकडे दिलं आहे.

आपण सर्वजण वेळ काढून आलात, प्रेमाने निरोप दिलात, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. नळाची गोष्ट मात्र पोटात घालू नका. ती नोंदवून घ्या.