रफीकभाईंचं एकच पान

मंडळी, बसा. मागं उभे आहेत त्यांनीबी बसा. रफीकभाईंच्या शोकसभेत मले बोलाले सांगितलं. अन् खरं सांगू? रडू कमी, राग जास्त येऊन राह्यला.

मलकापुरात रफीकभाई अन् मी एकाच कॉम्प्युटरच्या दुकानात बसत होतो. आपल्या कापूस बाजाराची वेबसाइट भाईंनी बनवली. बीटी लावूनबी बोंडअळी यायले लागली, तेव्हा फवारणीच्या सूचना अन् रोजचा भाव मी त्यावर टाकत होतो. काय छळलं या माणसानं मले. पान एकच पाहिजे म्हणे. कॉम्प्युटरवर पसरलं पाहिजे, मोबाईलवर अंग चोरून बसलं पाहिजे. मी म्हटलं, "भाई, मोबाईलची वेगळी साइट करू, सुटलो." तर म्हणे, "दोन जागी लिहाचं म्हटलं की एक जागा राहतेच बे."

अन् दिसेल त्याचा मोबाईल मागाचा. जानेफळले भाचीच्या लग्नात, भर पंगतीत. "चाची, जरा मोबाईल द्या, पान पाहू द्या." चाचीचा हात रश्श्यात. काच फुटलेला मोबाईल भेटला की या माणसाची ईद. असं कोण वागते, सांगा.

बाजार कमिटीले मात्र सभापती साहेबांच्या फोटोची रुंद पट्टी पाहिजे होती, अन् ती मोबाईलवर मावत नव्हती. भाई दवाखान्यात गेले अन् यांनी हौसेनं दोन साइट केल्या. कॉम्प्युटरवालीवर लिहिलं, उद्या बाजार बंद. मोबाईलवालीवर लिहाचं राह्यलं. सकाळी फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. वावरात कोणाजवळ कॉम्प्युटर असते हो?

मी दवाखान्यात जाऊन सांगितलं. वाटलं, आता भाई मले बोलतील. ते एवढंच म्हणाले, "गाड्यांवर बायाबी असतील. त्यांच्या जेवणाचं कोणी पाहिलं का?"

अन् आजच्या सभेची बातमी? तीबी रुंद फोटोतच टाकली. मोबाईलवर भाईंचं नाव दिसते, वेळ कापली जाते. म्हणून लोक अजून येऊनच राह्यले. भाई, तुमच्याच सभेले.

साहेब, तुम्ही समोरच बसले आहा. उद्या भाईंचं जुनं पान परत चालू करा. त्यांच्यासाठी मी एवढंच मागतो.

आता मौन पाळाचं आहे. पण लगेच नाही. रस्त्यात आहेत ते लोक येऊ द्या, दार उघडं ठेवा. कोणी बाहेर राह्यलेलं भाईंले चाललं नसतं. सगळे आत आले की उभे राहू.