वास नसलेलं पाणी

पूर ओसरला तरी नळ बंदच होते, म्हणून आम्ही भांडी घेऊन टँकरपाशी उभ्या होतो. माझ्या पुढच्या, माझ्याच वयाच्या बाईंनी भरलेली कळशी नाकाशी नेली.

“ड्रायव्हरदादा, आज पाण्याला औषधाचा वास कसा नाही?”

“मावशी, काल वास येतो म्हणून तुम्हीच माझ्या नावानं शंख केलात ना?”

“केला. पण आमच्या लहानपणी विहिरीत लाल औषध टाकायचे. पाणी गुलाबी दिसल्याशिवाय आई घोटभरही पिऊ द्यायची नाही. आज औषध घातलंत का?”

“लोक पाणी ओतून देतात हो, आणि शिव्या मला पडतात.”

“मी औषधाचं विचारलं.”

“थोडं कमी टाकलं.”

“थोडं म्हणजे किती?”

“मागे रांग खोळंबलीय. बघा तरी, कसं काचेसारखं पाणी आहे!”

“काचेसारखं तर डबक्यातलंही दिसतं, गाळ खाली बसला की. घरी नात जुलाबांनी निपचित पडलीय, तिला हेच पाजायचंय. आधी तुम्ही प्या.”

“मला तहान नाही.”

“एवढ्या उन्हात?”

“माझी बाटली आहे गाडीत.”

“ती याच टँकरमधून भरलीत?”

“नाही, घरून आणलीय. बायको उकळून देते.”

“आमच्याकडे चूल पेटवायला कोरडं लाकूड नाही. ती बाटली नातीसाठी द्या, आणि गाडी परत नेऊन औषध घालून आणा.”

“आणि ही सगळी रांग?”

“विचारा की रांगेला.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी माझा हंडा पालथा घातला आणि त्यावर बसले.